बाहेर कोण उभं आहे?

साळव्यांनी मला कधी "बसा" म्हटलं नाही, आणि मी "बसा" म्हटल्यावर ते कधी बसले नाहीत. बदलापूरला मांजर्लीतल्या आमच्या घरी ते किती वेळा आले असतील, पण दरवेळी दारातच. एक हात चौकटीला, पायात बूट तसेच. बायको चहा घेऊन दाराशी जायची, तो ते उभ्या उभ्या संपवायचे आणि कप विसळून देऊ का म्हणून विचारायचे. ते गेले की ही माझ्यावर डाफरायची, "काय माणूस आहे हा! कुरिअरवालासुद्धा पंख्याखाली दोन मिनिटं टेकतो." आता मित्र माझा, म्हणून बोलणी मला. चालायचंच.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो आणि साळवे सेफ्टी ऑफिसर होते. मी पडलो तोंडाळ. समोर कोणी नसलं तर मी बॅरलशी बोलेन. साळव्यांना शब्द जणू रेशनवर मिळायचे. तरी आमचं जमलं, आणि का जमलं याचं उत्तर त्यांनीच एकदा कॅन्टीनमध्ये दिलं होतं. "कुलकर्णी, तुम्ही बोलता म्हणून मला बोलावं लागत नाही." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी विचारलं नाही.

ठेंगणी मूर्ती, मान जरा डावीकडे कललेली, शर्ट कायम इस्त्रीचा. डोक्यावरचं हेल्मेट जेवतानाही निघायचं नाही. कोणी "साहेब, घाई आहे" म्हणालं की यांचं ठरलेलं वाक्य, "घाई कोणाला आहे? मग त्याला उतरू दे आत."

हे "आत" म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे मोठमोठ्या टाक्या होत्या, त्या अधूनमधून आतून घासाव्या लागत. वरच्या गोल भोकातून कमरेला दोर बांधून माणूस आत उतरतो. आत गॅस राहिलेला असला तर खेळ खल्लास, म्हणून भोकापाशी बाहेर एक माणूस उभा ठेवायचा, असा नियम सगळीकडेच असतो. पण सगळीकडे तो बाहेरचा माणूस तंबाखू मळतो, मोबाइल बघतो, जरा चहाला जाऊन येतो. साळव्यांकडे ते नाही. बाहेरच्यानं फक्त उभं राहायचं आणि मधून मधून आत ओरडायचं, "आवाज?" आतून उत्तर यायलाच हवं, "आहे!" उत्तराला जरा उशीर झाला की दोर ओढायचा.

आणि दुसरा एक नियम होता, तो कुठल्या पुस्तकात नव्हता, साळव्यांचा स्वतःचा होता. बाहेर कोण उभं राहणार ते आत उतरणारा ठरवणार. यावरून एका नव्या प्रॉडक्शन मॅनेजरनं मोठा तमाशा केला. "ड्यूटी मी लावणार. हे काय स्वयंवर आहे का?" साळवे शांतपणे म्हणाले, "जीव त्याचा आहे ना? मग माणूसही त्याचा." झालं. मॅनेजर पाय आपटत गेला.

मग टाकीपाशी जी निवडणूक चालायची, ती बघायला मी मुद्दाम स्टोअर सोडून जायचो. गोरखपूरचा एक रामसजीवन होता, त्यानं आधी स्वतःच्या मेव्हण्याचं नाव घेतलं आणि दोर बांधून होईतो बदललं. "इसको नहीं, साहब. ये साला बीडी पीने जाएगा." मेव्हणा भडकला. बराच वेळ हुज्जत झाली आणि शेवटी नेहमीचंच झालं. "साहब, आप ही खड़े रहो." सगळे फिरून फिरून साळव्यांवरच यायचे. आणि साळवे उभे राहायचे, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, तापलेल्या लोखंडी जाळीवर, घाम पुसायलासुद्धा नजर न हलवता.

कामगारांत कुजबुज होती की यांचा कोणी सख्खा टाकीत गेला असणार, म्हणून एवढं. मी तोंडाळ, मी सरळ विचारलं. "नाही हो," ते म्हणाले, "कोणी गेलं नाही. बाहेर माणूस पाहिजे म्हणतात, म्हणून उभा राहतो." माझा अगदी हिरमोड झाला.

साळवे उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका खोलीत एकटे राहत. लग्न झालं नसावं असं मी धरून चाललो होतो. मग एका पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या गल्लीत शिरली. मांजर्लीत राहायचं तर हे अंगवळणी पडतंच, पण त्या वर्षी पाणी तळमजल्याच्या खिडकीला लागलं. मी दुसऱ्या मजल्यावरून बघतोय तर कंबरभर पाण्यातून हेल्मेट घातलेला एक माणूस खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन येतोय. साळवे! मला भरूनच आलं. ओरडलो, "अहो साळवे, आम्ही सुखरूप आहोत!" त्यांनी वर बघितलं, "बरं," म्हणाले आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये शिरले.

तिथे तळमजल्यावर वंदनाताई राहत. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, दर रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जाणाऱ्या, गल्लीत कोणाच्या अध्यात ना मध्यात. साळव्यांनी त्यांना दोर धरायला लावून जिन्यावर आणलं, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पोचवलं, आणि पाणी उतरेपर्यंत त्या दाराबाहेर जिन्यात उभे राहिले. आत गेले नाहीत. पाणी ओसरल्यावर निघूनही गेले.

दुसऱ्या दिवशी गाळ उपसताना मी वंदनाताईंना विचारलं, "साळवे तुमचे कोण?"

"नवरा," त्या म्हणाल्या आणि झाडू मारत राहिल्या.

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. पुढे ओळख वाढली तेव्हा त्यांनी आपण होऊनच सांगितलं. "दारू नाही, मारहाण नाही, भांडणसुद्धा नाही हो. मला टायफॉइड झाला तेव्हा हे उशाशी बसले ते हललेच नाहीत. माझं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. आणि यांना कावीळ झाली ती मला कधी कळली? बरे झाल्यावर. शिफ्ट लागलीय म्हणून सांगितलं आणि कंपनीच्या गेस्ट रूममध्ये पडून राहिले. कधी डोकं दुखतंय म्हणून कपाळावर हात ठेवू दिला नाही. कुलकर्णी, मी त्या घरात बायको म्हणून राहायचं की पेशंट म्हणून?" मग त्यांनी बदलापूरला बदली मागून घेतली. निघताना ट्रंक कोणी उचलली, तर साळव्यांनीच. मांजर्लीपर्यंत आणून दिली आणि दारातूनच परत गेले. कोर्टकचेरी नाही, काही नाही. दोन स्टेशनांच्या अंतरावर दोन माणसं आपापला स्वयंपाक करून जेवत होती.

साळव्यांचं दुखणं सुरू झालं ते आम्हाला दुखणं वाटलंच नाही. आधी ते जाड व्हायला लागले. आम्ही चिडवायचो, "एकटा जीव, सुटलाय!" मग सकाळच्या पाळीला कधी शर्टाची बटणं वरखाली, कधी बोलताना शब्द अडखळायचा, कधी पंख्याखाली घामाघूम. आणि एके दिवशी टाकीपाशी उभे असताना ते गुडघ्यातून वाकले आणि खाली बसले, डोळे उघडे पण ओळख नाही.

आता आम्ही काय केलं ते ऐका. सेफ्टी ऑफिसर टाकीपाशी कोसळला म्हणजे गॅस! भोंगा वाजला, व्हॉल्व्ह बंद झाले, आतल्या माणसाला ओढून काढलं, अख्खा प्लांट खाली करून आम्ही सगळे गेटजवळच्या मोकळ्या जागेत रांगेनं उभे राहिलो, साळव्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं अगदी तस्सं. त्यांना झाडाखाली निजवून तोंडाला ऑक्सिजन लावला. दोघे पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मीटर लावून लावून दमले, गॅसचा पत्ता नाही. तासाभरानं ते थोडे हुशारले आणि कॅन्टीनच्या बाईनं तिच्या पद्धतीचा गोडमिट्ट चहा पाजला, तेव्हा कुठे साळवे खाडकन उठून बसले आणि म्हणाले, "हजेरी घेतली का?" वर आम्हाला झाडलं, की वारा या दिशेचा असताना इथे कशाला उभे राहिलात. आम्ही पोट धरून हसलो. त्या माणसाच्या रक्तात साखर उरली नव्हती, आणि आम्ही त्याला हवा घालत होतो.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. गॅस नव्हताच, मग लोक दुसरं बोलायला लागले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, साहेब सकाळी सकाळी लावून येतात, मला वास आला. ज्या माणसानं दारू पिऊन आलेल्यांना गेटवरून परत पाठवलं, त्याच्याबद्दल हे! माझं डोकं फिरलं. मी वॉचमनला असा धुतला की बाजूच्या कंपनीतले लोक बघायला आले. साळवे दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सगळ्यांच्या देखत गेटवरच्या दारू तपासायच्या नळीत फुंकायचे, मीटर वॉचमनला दाखवायचे आणि आत जायचे. मला ते बघवायचं नाही.

शेवटी एकदा अंबरनाथच्या एका दवाखान्यात, ते तसे गुंगीत असतानाच, कोणाला तरी साखर तपासायची बुद्धी झाली. साखर जवळजवळ नव्हतीच. तिथून मुंबईचं मोठं हॉस्पिटल, फोटो, सुया, पुन्हा फोटो. निघालं ते असं, की स्वादुपिंडात एक गाठ आहे आणि ती इन्सुलिन बनवत सुटली आहे. असली गाठ क्वचितच कोणाला होते, आणि झाली तर वाटाण्याएवढी असते, काढली की माणूस मोकळा. साळव्यांची तशी राहिली नव्हती. ती वाढून आजूबाजूला चिकटली होती.

सर्जन म्हणजे एक तरुण बाई होत्या, बोलायला स्वच्छ. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वादुपिंडाचा अर्ध्याहून जास्त भाग, प्लीहा, जठराचा एक तुकडा, डाव्या किडनीवरची ग्रंथी, असं सगळं एकत्र काढावं लागणार होतं. आणि खरा धोका तिथे नव्हताच. यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला गाठ लागली होती. तेवढी शीर कापून टोकं पुन्हा जोडायची होती.

साळवे चित्राकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे चालू लाइन कापणार?"

"थोडा वेळ बंद करून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दोन्हीकडून बंद?"

"दोन्हीकडून. आधी क्लॅम्प, मग कापायचं, जोडायचं, मग हळूहळू सोडायचं."

"आणि जोड गळला तर?"

"तर परत उघडावं लागेल. तेवढ्यात माणूस जाऊही शकतो. मी खोटं सांगणार नाही."

साळव्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. मला वाटतं, इतकं सरळ कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. मग बाईंनी विचारलं, "ऑपरेशन दिवसभर चालेल. पुढचे दिवस त्याहून अवघड असतात. तुमच्याबरोबर कोण आहे?"

"हे आहेत," साळव्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बोलतात फार. पण आहेत."

"हे नातेवाईक?"

साळवे पुन्हा चित्राकडे बघायला लागले.

"वंदनाला कळवायचं नाही," बाहेर आल्या आल्या त्यांनी मला बजावलं. मी गप्प राहिलो, म्हणजे माझ्या मानानं गप्प. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी वॉर्डात त्यांच्या कॉटशेजारी बसलो होतो आणि मला राहवलं नाही. हा माणूस उद्या आत जाणार, कदाचित परत येणार नाही, आणि बाहेर कोण, तर मी, स्टोअरकीपर! मी म्हटलं, "साळवे, एक सांगा. नियम कोणाचा? आत उतरणाऱ्यानं बाहेरचा माणूस निवडायचा, हा नियम कोणाचा?"

ते पांघरुणाची कड सारखी करत राहिले.

"मॅनेजरनं लावलेला माणूस चालत नव्हता ना तुम्हाला? जीव त्याचा, माणूस त्याचा. मग मला कोणी लावलं इथे? तुम्ही निवडलंत मला? मी फक्त रिकामा होतो म्हणून आहे. बोला, बाहेर कोण पाहिजे?"

शेजारच्या कॉटवरचा पेशंट माझ्याकडे बघायला लागला, एवढा माझा आवाज चढला होता. साळव्यांनी कूस बदलली. पाठ माझ्याकडे. मला वाटलं, चुकलं आपलं, जास्त बोललो. मग भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "वंदनाला विचारा. ती नाही म्हणाली तर तुम्ही."

मी तसाच उठलो आणि मांजर्ली गाठली. वंदनाताई शेपू निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, गाठ, शीर, सगळं. त्यांनी मान वर केली नाही.

"हे ते म्हणाले, की तुम्ही म्हणताय?"

"ते म्हणाले."

"शब्द काय होते?"

"वंदनाला विचारा. ती नाही म्हणाली तर तुम्ही."

त्या भाजी निवडत राहिल्या. निवडून झालेल्या काड्या पुन्हा निवडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी नाही म्हणेन याची सोय करूनच विचारलंय." आणि लगेच, "सकाळी किती वाजता नेणार आहेत आत?"

त्या माझ्या आधी पोचल्या होत्या. साळव्यांना स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा त्यांनी वंदनाताईंना बघितलं.

"आलीस?"

"बोलावलंत ना."

साळव्यांनी चष्मा काढला आणि त्यांच्या हातात दिला. चष्म्याशिवायचे साळवे मी कधी बघितले नव्हते, कोणी वेगळाच माणूस वाटला. दार लागलं.

दिवसभर वंदनाताई त्या दारासमोर होत्या. बराच वेळ उभ्या, मग लोखंडी खुर्चीत. चहा नको, फोन नको. मी काहीबाही बोलत होतो, तर म्हणाल्या, "कुलकर्णी, जरा गप्प बसाल?" दुपारी मी खाली जाऊन वडापाव खाऊन आलो, लाज वाटली पण खाल्ला. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाई दार ढकलून बाहेर आल्या, मास्कचे वळ गालांवर, आणि म्हणाल्या, "साळव्यांचं कोण?"

वंदनाताई ताडकन उठल्या. "मी. मी पत्नी."

गाठ निघाली होती. शीर जोडली होती. रक्त बरंच गेलं होतं. जोड धरतोय की नाही ते पुढचे दिवस सांगणार होते. वंदनाताईंनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि खुर्चीत बसून रडल्या. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

जोडानं धरलं. पण स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून पाणी गळत राहिलं, पोटातल्या नळ्या निघेनात, ताप येत-जात राहिला. वंदनाताईंनी शाळेतून रजा घेतली. रोज बदलापूरहून यायच्या आणि त्या लोखंडी खुर्चीत बसायच्या. साळवे बोलण्याच्या स्थितीत नव्हते, तोवर त्यांनी तोंड पुसलं, केस विंचरले, ओठांना पाणी लावलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस नाही म्हणू शकत नव्हता. मला मनातून वाटत होतं, देवा, याला फार लवकर बरं करू नकोस.

एका दुपारी साळवे उशीला टेकून बसले होते. अंगात जरा जीव आला होता. वंदनाताई संत्रं सोलत होत्या. साळवे म्हणाले, "तुझी शाळा बुडतेय. जा तू आता. कुलकर्णी आहेत."

वंदनाताईंनी हातातलं संत्रं पूर्ण सोललं. फोडी बशीत लावल्या. पिशवी उचलली आणि निघाल्या. मी मागे धावलो. बस स्टॉपवर त्या मला म्हणाल्या, "बोलावलं म्हणून आले. जा म्हटलं म्हणून चालले. यात माझं काय चुकलं, एवढं सांगा." बस आली.

परत येऊन मी साळव्यांना आजारी माणूस म्हणून सोडलं नाही. "तुम्ही एक नंबरचे गाढव आहात!" म्हटलं. नर्स धावत आली. साळवे संत्र्याच्या बशीकडे बघत होते.

"तिचे पाय सुजलेत," ते म्हणाले. "रोज बघतोय. दिवसभर त्या खुर्चीत बसते. संध्याकाळी चप्पल जात नाही पायात."

"मग तसं सांगायचं ना!"

"ते कसं सांगायचं?" त्यांनी खरोखरच विचारलं.

मी ते वंदनाताईंना जाऊन सांगितलं, पायांचं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. म्हणून तर राग येतो."

साळवे घरी आले, कॅम्प चारच्या त्याच खोलीत. कंपनी सुटलीच होती. पूर्वी साखर उतरायची, आता चढायला लागली, कारण इन्सुलिन बनवणारा अवयवच अर्धाही उरला नव्हता. सकाळ-संध्याकाळ स्वतःच पोटाला सुई टोचून घ्यायचे. मी मधून मधून जायचो. मला गॅलरीत स्टूल मिळायचं, स्वतः ते कठड्याला टेकून उभे. बाजूच्या खोलीतल्या कमला आंटी, सिंधी, पापड लाटून विकायच्या, त्या दाराशी काही करून ठेवायच्या. साळवे डबा घासून, त्यात चार केळी घालून परत करायचे. आंटी मला म्हणायच्या, "ये साईं का हिसाब कभी उधार नहीं रहता. अच्छी बात नहीं है ये."

खाली जीन्स शिवायचा कारखाना होता, दिवसभर मशिनांची घरघर. मी म्हटलं, डोकं उठत नाही का तुमचं? म्हणाले, "नाही. रविवारी मशिनं बंद असतात, तेव्हा त्रास होतो." एवढंच म्हणाले. त्यानंतर मी होईल तेवढं करून रविवारीच जायला लागलो.

मग यकृतावर डाग दिसले, गाठ तिकडे पसरली होती. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे खोटं सांगितलं नाही. साळवे झपाट्यानं उतरले, शर्ट इस्त्रीचाच पण आतला माणूस हँगरएवढा. मी म्हटलं, वंदनाताईंना सांगू? मान हलवून नाही म्हणाले. वंदनाताईंना मी तरीही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "या वेळी मी आपणहून जाणार नाही. मला एकदा घालवलंय. बोलावू देत." आणि रोज संध्याकाळी मी घरी आलो की खिडकीतून विचारायच्या, "काही म्हणाले का?" मी नाही म्हणायचो. दोघांच्या मध्ये मी येरझाऱ्या घालून घालून मेटाकुटीला आलो होतो. एकेकाला धरून बदडावंसं वाटायचं.

एका रविवारी सकाळी साळव्यांचा फोन आला.

"कुलकर्णी, वंदना घरी आहे का बघा."

"का? काय होतंय?"

"काही होत नाही. भात जास्त झालाय."

"काय?"

"भात. जास्त झालाय जरा."

"अहो, कॅम्प चारमध्ये भात जास्त झाला म्हणून मी मांजर्लीत..." एवढं बोललो आणि माझी मलाच अक्कल आली.

"बराच जास्त झालाय," साळवे म्हणाले.

मी गल्ली ओलांडून गेलो आणि वंदनाताईंना हाच निरोप, याच शब्दांत दिला. त्या विहारातून येऊन टेकल्या होत्या. पांढरी साडीही बदलली नाही, तशाच निघाल्या. रिक्षात अंबरनाथ मागे पडलं. मग म्हणाल्या, "एकट्यापुरती मूठ मोजून घालतात हे. कधी शीत उरत नाही." आणि पदर तोंडाला लावून बाहेर बघत राहिल्या.

जिन्यात कमला आंटी भेटल्या. "सुबह से दो बार दरवाजे तक आ के देखा है साईं ने," त्या मला हळूच म्हणाल्या.

साळवे जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसले होते. डोळे पिवळे. कपाटावरच्या बुद्धमूर्तीपाशी ताजं फूल होतं. समोर दोन ताटं मांडलेली आणि मधे झाकण वर उचललं जाईल इतकं भरलेलं पातेलं. चार माणसं जेवली असती.

"आलीस?"

"भात जास्त झालाय म्हणे."

"हो."

वंदनाताई त्यांच्यासमोर बसल्या. झाकण काढलं. भाताचा पार लगदा झाला होता. त्यांनी चमचा घेतला. साळव्यांचा हात आपोआप पुढे आला, चमचा स्वतःकडे घ्यायला. मधेच थांबला. मग त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.

"वाढ," ते म्हणाले. "थोडाच."

त्यांनी वाढलं. वरण घातलं. साळव्यांनी घास केला, पण बोटं थरथरत होती, तोंडाशी जाईतो अर्धा ताटात सांडला. पुन्हा केला, पुन्हा सांडला. मी दारात उभा होतो. साळव्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कुलकर्णी, तुम्ही निघा आता. जाताना दार ओढून घ्या."

मी दार ओढून घेतलं. ते लागता लागता वंदनाताईंचा आवाज आला, मुलाला म्हणतात तसा. "आ करा."

मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो. रविवार होता, मशिनं बंद होती, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. बराच वेळ थांबलो. आतून 'नको' म्हणून काही ऐकू आलं नाही.